मापात पाप

कुताइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे,
सात पायऱ्या उतरलं की माझं दुकान.
खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात.
बाकीचं ते आत येऊन दाखवतात,
नाइलाजाने.

एकेचाळीस वर्षं टेप धरते आहे.
पोटाभोवती टेप आली
की जो तो श्वास आत ओढतो:
शाळामास्तर, नवरी, चर्चचा पाद्री,
बाजारात चीज विकणारी गुलिकोसुद्धा,
जी एरवी कुणाच्या बापाला भीत नाही.
मी घाई करत नाही.
विचारते, आलुबुखार धरलाय का यंदा?
लेक इटलीहून फोन करते ना?
बोलायचं तर श्वास सोडावा लागतो.
तेवढ्यात आकडा वाचून घेते.

वहीत दोन रकाने.
शाईने, गिऱ्हाइकाने सांगितलेलं.
पेन्सिलीने, टेपने सांगितलेलं.
बेतायचं पेन्सिलीवर
आणि मान राखायचा शाईचा.
मापात पाप म्हणाल, तर आहे.
पण प्रत्येक शिवणीत आतल्या बाजूला
दोन बोटं माया सोडते.
कुणाला दिसत नाही ती,
उसवायची वेळ आली की सापडते.

मग एका थंडीत तेकले आली.
एकोणीस वर्षांची. कोट आईचा, त्याच्या आत अजून एक स्वेटर.
म्हणाली, कंबर ऐंशी धरा, मावशी, ढगळच हवा.
टेप म्हणाली, एकोणसाठ.
आणि तिने श्वास ओढला नव्हता.
टेप माझ्या हातून घेतली,
स्वतः लावून पाहिली, पुन्हा पाहिली,
मग मागे वळून विचारलं,
ही जुनी आहे का? ताणली गेलीय का?

हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात.
मनगटाला लागत असावा.
माझ्या दुकानात आहे एक, अरुंद, एका कोपऱ्यात पारा उडालेला.
तिने त्याच्यासमोर उभं राहून
तिथे नसलेल्या एका बाईकडे
कितीतरी वेळ बघितलं.
मला ती बाई दिसेना.
पहिल्यांदाच कळेना
कोणत्या रकान्यावर कात्री चालवू.

ड्रेस तसाच राहिला.
तेकले राहिली.
काजं करते, बटणं लावते, हात सुबक.
माणसाकडे बघून माप सांगते,
सुताचाही फरक नाही.
लामाराचा डावा खांदा उतरता आहे
हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं,
तिला कोट टांगतानाच कळलं.
एकच शरीर तिच्या डोळ्यांत बसत नाही.
दुपारी पावाचा तुकडा
रुमालात गुंडाळताना बघते मी तिला.
काही बोलत नाही. दुसरा तुकडा ठेवते.
कधी तो संपतो.
कधी चिमण्यांना मिळतो.

ऑक्टोबरात भाच्याचं लग्न ठरलं.
निळं कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला,
आणि माझं म्हणून जे माप मी आखते
ते आखायला लागले.
तेकले म्हणाली, हे कुणाचं?
माझं.
कधीचं?

कधीचं असणार!
माझ्या लग्नातलं.
घातलेले सगळे कपडे धुऊन धुऊन आटतात,
असं मी सांगत आले होते
लोकांना, आणि खुंटीवरच्या कपड्यांना.

तिने गळ्यातली टेप काढली.
उभ्या राहा, म्हणाली.
एकेचाळीस वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं.
टेपेचं पितळी टोक गार असतं
हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.
तिच्या कोपराचं हाड माझ्या कुशीला लागलं,
माझं पोट तिच्या तळव्याला.
आणि माझा श्वास,
मेला माझा श्वास,
आत जाऊन बसला.

तेकले थांबली. टेप तशीच धरून.
खिडकीतून कुणाचे तरी बूट गेले,
मागून एका कुत्र्याचे चार पाय.

मग हळूच म्हणाली,
नानुली मावशी,
आलुबुखार धरलाय का यंदा?